उभ्या बाटलीला मत लागतच नाही

कोलामांच्या पोडावरच्या एका आजीनं मतपत्रिका हातात घेतली, आडवी धरली आणि मला विचारलं, "बाई, आता यातली आडवी कोनती अन् उभी कोनती?" कागद फिरवला की दोन्ही बाटल्या फिरत होत्या. मी मतदान अधिकारी. चित्रावर बोट ठेवून सांगायची मला मुभा नव्हती. "कागद असा धरा, आजी," एवढं म्हणून मी मान वळवली.

जिल्हा परिषद शाळेतल्या नोकरीत मी लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत पुष्कळ बोटांना शाई लावली. पण लक्षात राहिली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची ही बाटलीची निवडणूक. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायांना अजून तिथेच राहायचं आहे.

नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतो. गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद व्हावं असं वाटत असेल, तर किमान २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान नको तर आडवी बाटली, हवं तर उभी. त्या दिवशी मत द्यायला फक्त बाया. ही कल्पना मला आजही थोर वाटते. दारू पिणारा एक आणि तिचा हिशेब चुकवणारी दुसरी, हे सरकारी कागदानं मान्य केलं, असं कितीदा घडतं? स्वित्झर्लंडला जनमताचं माहेरघर म्हणतात. तिथे बायांना राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यायचं की नाही, हे पुरुषांनी मतदान करून ठरवलं. १९५९ साली नाही म्हणाले, १९७१ साली हो म्हणाले. त्या मानानं आपली आडवी बाटली फार पुढची.

घोडं अडतं ते मोजणीपाशी. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पण ती पडलेल्या मतांच्या निम्म्याहून नव्हे, तर यादीतल्या एकूण बायांच्या. आमच्या टेबलावर आडव्या बाटलीची गड्डी उभीच्या कितीतरी पट जाड होती. तरी पंचवीस-तीस मतं कमी पडली आणि दुकान चालू राहिलं.

कमी कशी पडली, ते यादी हातात घेऊन बघा. लग्न होऊन दारव्ह्याला, दिग्रसला गेलेल्या पोरींची नावं माहेरच्या यादीत तशीच. दोन म्हाताऱ्यांची तेरवी होऊन वर्षं लोटलेली. तांड्यावरची काही घरं ऊसतोडीला गेलेली. या साऱ्या जणी त्या दिवशी उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या गेल्या. मेलेल्या बाईलाही आमच्याकडे दारूचं दुकान हवं असतं!

आणि महिना कोणता, तर ऐन कापूस वेचणीचा. सह्या पोळ्याच्या आगेमागे झाल्या होत्या. पडताळणीत दिवाळी गेली आणि तारीख लागली तेव्हा वावरं पांढरीफेक झाली होती. वेचणी किलोवर असते. दिवस मोडला की मजुरी मोडली, आणि दुसऱ्या दिवशी मालक बोलावेलच याचा भरवसा नाही. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला कायद्यानं भरपगारी सुटी आहे, रोजंदारीवाल्यांनाही. त्या दिवशी तशी कुठलीच सुटी नव्हती. ज्या घरात दारूनं सगळ्यात जास्त पडझड केलेली, त्याच घरच्या बाईला त्या दिवशी वावरात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

या नियमाची आणखी एक गंमत मला दुपारी कळली. उभ्या बाटलीला मतांची गरजच नाही. बाया घरी बसल्या की ती जिंकते. म्हणजे दुकान हवं असणाऱ्यानं मत मागायचं नाही, फक्त शाळेकडे जाणारी वाट रोखून धरायची. मग शाळेची पायरी जी चढते ती आडवीवालीच, हे साऱ्या गावाला कळतं. आत पुठ्ठ्याच्या आडोशाआड मत गुप्त असतं. बाहेर पानठेल्याजवळ उभे असलेले नवरे, दीर, जावई मात्र कोण आत गेली ते मोजत असतात. एक बाई दारापर्यंत आली, मागे वळून पाहिलं आणि पदर सावरत परत फिरली. तिला कोणी अडवलं नाही, कोणी एक शब्द बोललं नाही. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध?

कोणी म्हणेल, परवाना बंद करायचा म्हणजे एखाद्याचा धंदा बसवायचा. कसोटी कडकच हवी. मान्य. पण मग दुसऱ्या कसोट्या पाहू. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. यादीत सुमारे ३ लाख ८८ हजार मतदार होते आणि दोन पानांना पडली १ लाख ७२ हजार मतं, म्हणजे यादीच्या साधारण ४४ टक्के. तेवढ्यावर गोवा वेगळा राहिला, आणि ते योग्यच झालं. २०१६ साली ब्रिटननं युरोपीय संघ सोडायचं ठरवलं, तेव्हा बाहेर पडण्याच्या बाजूनं यादीतले ३८ टक्केही मतदार नव्हते. राज्याचं, देशाचं भवितव्य पडलेल्या मतांवर ठरतं. एक देशी दारूचं दुकान बंद करायला मात्र यादीतली निम्म्याहून जास्त नावं लागतात, मेलेली-गेलेली धरून. आपले आमदार या कसोटीला लावले, तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील?

मी दारूबंदीची भाबडी भक्त नाही. वर्धा नदीपलीकडे वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून बंदी आहे आणि तिथे बाटली कशी पोचते हे नदीकाठच्या पोरालाही ठाऊक आहे. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, २०२१ साली उठली. दोन्ही निर्णय मंत्रिमंडळाचे. बायांनी मोर्चे काढले, पण मतपेटी कोणी त्यांच्यापुढे ठेवली नाही. आमच्या जिल्ह्यातही 'स्वामिनी' या दारूबंदी आंदोलनातल्या बाया जिल्हाबंदीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. बंदीनं काय साधतं यावर खुशाल वाद घाला. माझं म्हणणं त्याहून लहान आहे: विचारायचंच असेल, तर उत्तर देता येईल असं विचारा.

त्यासाठी फार करावं लागत नाही. मतदानाआधी यादी घरोघर फिरून तपासा. तारीख वेचणी-सोंगणीच्या बाहेरची, उन्हाळ्यातली घ्या. पोडावर, तांड्यावर वेगळी पेटी ठेवा. बायांना त्या दिवसाची मजुरी द्या. आणि निकाल पडलेल्या मतांच्या बहुमतावर लावा. मूठभरांनी गाव वेठीला धरू नये म्हणून यादीतल्या किमान एक तृतीयांश बायांचा कौल हवा, अशी अट खुशाल घाला. मग दुकानवाल्यालाही उभ्या बाटलीसाठी मतं मागत दारोदार फिरावं लागेल. त्याच्या बाजूच्या बायाही शाळेची पायरी चढतील, आणि आत गेलेलीनं काय केलं हे पानठेल्यावरून कळणार नाही.

त्या दिवशी आम्ही पेटीला लाख लावत होतो, तेव्हा वेचणीवरून परतलेल्या सात-आठ जणी फाटकाशी थांबल्या. लुगड्याला काड्या-कचरा चिकटलेला, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. "झालं काय जी बाई मतदान?" एकीनं विचारलं. झालं, म्हणाले. त्यांच्या बोटांना शाई नव्हती. मत मात्र साऱ्यांचं मोजलं जाणार होतं, उभ्या बाटलीच्या खात्यात.