काटा, झोपाळा आणि इमारत

सराफाच्या पेढीवरील जुना काटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची चंचलता आठवत असेल. पारड्यात सोने ठेवताच तो कधी जागच्या जागी स्थिरावत नसे. डावीकडे झुकून उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा कितीतरी वेळ हेलकावत राही. काटा जितका नाजूक, तितके त्याचे हेलकावे संथ. प्रयोगशाळेतील तुलेवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ तर तो थांबण्याची वाटच पाहत नसत. काटा दोन्ही बाजूंना कुठवर जातो हे टिपून ते मध्य गणिताने काढीत. पुढे तुलेच्या दांडीला धातूची पट्टी जोडून ती चुंबकांच्या मध्ये हलू देण्याची युक्ती निघाली आणि काटा लवकर स्थिर होऊ लागला.

समतोलाच्या जागेपासून ढळलेली वस्तू परत फिरते, पण आलेल्या वेगामुळे तिथे थांबू शकत नाही, पलीकडे जाते. या येरझारीला दोलन म्हणतात आणि एका पूर्ण फेरीला लागणाऱ्या वेळेला आवर्तकाल. घरातील झोपाळा हे याचे उत्तम उदाहरण. छताच्या कडीपासून पाटापर्यंत सव्वादोन मीटर लांबी असेल, तर एका फेरीला सुमारे 3 सेकंद लागतात. पाटावर आजोबा बसोत की नातू, यात फारसा फरक पडत नाही. वजनाला इथे किंमत नाही, हे व्यापारी मनाला जरा चमत्कारिक वाटेल. आवर्तकाल दुप्पट करायचा तर झोपाळ्याची लांबी चौपट करावी लागते.

ढकलणे थांबवले की झोका हळूहळू लहान होतो. हवा आणि कड्यांचे घर्षण त्याची ऊर्जा खात असतात, हे अवमंदन. ते कुठे किती असावे, हे कामावर अवलंबून असते. मंदिरातील घंटेत ते फार थोडे असते, म्हणून नाद लांबतो. तिच्यावर हात ठेवताच अवमंदन वाढते आणि नाद विरतो. दुकानाच्या काचेच्या दाराला लावलेल्या डोअर क्लोजरमधील तेलाचा पेच फार ढिला असेल तर दार धाडकन आपटते, फार आवळला तर मिटायला युगे लागतात. या दोहोंच्या मध्ये एक नेमकी जागा अशी असते की दार कमीत कमी वेळात, न आपटता मिटते. शास्त्रात तिला क्रांतिक अवमंदन म्हणतात.

आता झोपाळ्याला पुन्हा ढकलू. पाच वर्षांचे मूलही वजनदार माणसाला उंच झोका देऊ शकते, अट एवढीच की प्रत्येक वेळी झोका परत फिरतानाच हात लागला पाहिजे. धक्क्यांचा काळ आणि वस्तूचा स्वतःचा आवर्तकाल जुळला की धक्के साठत जातात, जणू व्याज मुद्दलात जमा व्हावे. हेच अनुस्पंदन, ज्याला इंग्रजीत रेझोनन्स म्हणतात. या वाढीला रोखणारे अवमंदनच. एका धक्क्यात मिळणारी ऊर्जा आणि एका फेरीत खर्च होणारी ऊर्जा समान झाली की झोका आणखी वाढत नाही. एका तालात चालणाऱ्या सैनिकांमुळे पूल कोसळल्याची कथा अनेकांनी ऐकलेली असते. ती निव्वळ दंतकथा नव्हे. 1831 मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथे ते घडले.

इमारतीलाही स्वतःचा आवर्तकाल असतो. ढोबळ हिशेबाने प्रत्येक मजल्याला सेकंदाचा दहावा भाग धरतात. दहा मजली इमारत सुमारे एका सेकंदात एक हेलकावा घेते. 19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर होती, पण तिचा मोठा भाग आटलेल्या सरोवराच्या मऊ गाळावर वसला आहे. तो गाळ सुमारे 2 सेकंदांच्या तालात डोलू लागला. सर्वाधिक हानी झाली ती साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची. तडे गेले की इमारत सैल होते, तिचा आवर्तकाल लांबतो आणि ती गाळाच्या तालात अधिकच सापडते. बुटकी घरे बहुतांशी वाचली आणि 44 मजली टोरे लातिनोअमेरिकानाही उभी राहिली.

26 जानेवारी 2001 ची सकाळ तर अनेक वाचक-कुटुंबांच्या स्मरणात असेल. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भचाऊच्या परिसरात होते, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरील अहमदाबादमध्ये अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. लांबच्या प्रवासात जलद कंपने वाटेतच विरतात, संथ कंपने पुढे पोहोचतात. त्यात साबरमतीच्या गाळाची जाड जमीन. मात्र सगळा दोष अनुस्पंदनाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. पडलेल्या अनेक इमारतींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा होता. वर विटांच्या भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते खांब. मग इमारतीचा सारा हेलकावा त्या एका मजल्यातच एकवटतो. जुन्या शहरातील पोळांमधील लाकूड आणि विटांची घरे मात्र तुलनेने बरीच तगली. लाकडी सांधे एकमेकांवर घासत राहतात आणि त्या घर्षणात हादऱ्याची ऊर्जा जिरते. पूर्वजांनी अवमंदन हा शब्द ऐकला नव्हता, पण सुतारकामात ते होते.

भारतीय मानकानुसार काँक्रीटच्या इमारतीचे गणित करताना अवमंदन क्रांतिक मानाच्या केवळ 5 टक्के धरतात. ऊर्जा जिरवण्याचे उरलेले काम खांब आणि तुळयांना न तुटता वाकून करावे लागते. 2002 च्या सुधारित मानकाने मोकळ्या तळमजल्याचे खांब हिशेबाच्या अडीचपट बळासाठी आखावेत, असा एक पर्याय दिला. त्याच मानकाच्या नकाशात अहमदाबाद आणि मुंबई दोन्ही शहरे तिसऱ्या भूकंप विभागात होती.

आज सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या सभांमध्ये कार्पेट एरियाच्या चौरस फुटांवर तासन् तास चर्चा होते. स्टिल्ट पार्किंग जवळजवळ प्रत्येक आराखड्यात असते. त्या मजल्यावर खांबांखेरीज काँक्रीटच्या भिंती आहेत का, जमिनीची चाचणी किती खोलवर झाली, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारण्यास सभासदाला पदवी लागत नाही. आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष पाहण्याजोगी आहे. खांबातील उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवलेली असावी लागतात. काटकोनात वळवलेली टोके हादऱ्यात उघडतात, सळ्या फाकतात आणि वाकून तग धरण्याऐवजी खांब फुटतो. काँक्रीट ओतल्यावर ही टोके दिसत नाहीत, त्यामुळे पाहणी त्याच्या आदल्या दिवशी करावी लागते.