सोमवारी ऑफिस, रविवारी शर्यत

मुलांनो, या आठवड्याच्या टपालात एक गमतीचं पत्र आहे. सातवीतली एक वाचक लिहिते : ‘‘बाई, माझा मामा अमेरिकेत ओहायोला असतो. त्याला ऑटोक्रॉस नावाच्या शर्यतीत भाग घ्यायचाय. पण गाडी एकच घेणार. तीच रोज ऑफिसला न्यायची आणि तीच शर्यतीत पळवायची. आजी उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला जाणार आहे. ती म्हणते, शर्यतीची गाडी दारात नको, जिवाला घोर. मामा म्हणतो, ही शर्यत तशी नसतेच. कोणाचं खरं? आणि मामानं कुठली गाडी घ्यावी?’’

आधी ही शर्यत काय असते ते पाहू. एक भलंमोठं वाहनतळ किंवा वापरात नसलेली धावपट्टी डोळ्यांसमोर आणा. सुट्टीचा दिवस, सगळं मोकळं. तिथे नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. त्या वाटेवरून एका वेळी एकच गाडी सुटते. शेजारी दुसरी गाडी नाही, म्हणजे धडक नाही, ओव्हरटेक नाही. स्पर्धा फक्त घड्याळाशी. एक फेरी साधारण मिनिटभराची. अशा तीन-चार किंवा जास्त फेऱ्या मिळतात आणि त्यातली सर्वांत चांगली वेळ धरतात. शंकू पाडला किंवा त्याच्याभोवती आखलेल्या चौकटीबाहेर ढकलला, की वेळेत दोन सेकंद वाढतात. वाटच चुकली तर ती फेरी बाद! दोन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण इथे पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात कधी कधी सेकंदाच्या शंभराव्या भागाचाच फरक असतो, बरं का.

अमेरिकेत १९४४ साली ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था निघाली. तिच्या या स्पर्धांना ‘सोलो’ म्हणतात, म्हणजे एकट्यानं पळवायची. सोलोची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ साली सुरू झाली. २००९ पासून ती नेब्रास्कातल्या लिंकन गावी, जुन्या लष्करी विमानतळाच्या काँक्रीटवर भरू लागली. तिथे हजाराहून जास्त चालक जमतात. आपल्या देशातही ऑटोक्रॉस होतं, पण पुष्कळदा मातीच्या मैदानावर. तिथलं गणित वेगळं. मामाची शर्यत डांबरावरची आहे, म्हणून आज डांबराचंच बोलू.

आता आजीची काळजी. वाट इतकी वळणावळणाची असते, की गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच राहते. हमरस्त्यावरच्या वेगापुढे ती सहसा जात नाही. डोक्यावर हेल्मेट असतं, पट्टा लावावाच लागतो, सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते. म्हणजे मामा फारसा चुकत नाही. पण आजीही अगदीच चुकत नाही, कारण एक धोका खरोखरच असतो : गाडी उलटण्याचा. आणि तो धोका गाडी निवडतानाच ठरतो.

कसा, ते पाहा. एसटी घाटात वळली की उभे असलेले लोक बाहेरच्या बाजूला झुकतात. खाली बसलेले तेवढे झुकत नाहीत. गाडीचंही तसंच. तिचं सगळं वजन जणू ज्या एका बिंदूत एकवटलेलं असतं, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. तो जमिनीपासून जितका उंच, तितकी गाडी वळणावर कलंडायला तयार. आणि डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकी ती पाय फाकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी घट्ट. या दोन गोष्टींचा मिळून एक आकडा काढतात. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीनं भागायचं. समजा, चाकांमध्ये १५० सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच आहे. १५० भागिले १००, उत्तर १.५. तीच गाडी उंच असती आणि गुरुत्वमध्य ७० वर गेला असता, तर १५० भागिले १४०, म्हणजे जेमतेम १.०७. अमेरिकेच्या सरकारी रस्ते-सुरक्षा खात्याच्या मते साध्या मोटारींचा हा आकडा बहुधा १.३० ते १.५० असतो आणि उंच, जीपसारख्या गाड्यांचा १.०० ते १.३०. म्हणूनच उंच आणि अरुंद गाड्यांना या शर्यतीत घेत नाहीत. दिसायला त्या कितीही दणकट असोत! हा नियम मला फार आवडतो. नाही तर मामासारख्या उत्साही माणसाला ‘नको’ कोण म्हणणार?

दुसरी गोष्ट वजनाची. हजार किलोच्या गाडीला वळवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या दीडपट जोर दीड हजार किलोच्या गाडीला लागतो. हा जोर देणार कोण? टायर. रस्त्याला धरून असतात त्या चार जागा, प्रत्येक साधारण तळहाताएवढी. सगळा खेळ त्या चार तळहातांवर. आणि गंमत अशी, की टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते.

तिसरी गोष्ट सायकल चालवणाऱ्यांना लगेच कळेल. वाळूच्या वळणावर ब्रेकही मारला आणि हँडलही वळवलं की काय होतं? आपण आडवे! टायरच्या खिशात जणू रोजचे दहा रुपयेच असतात. ते ब्रेकवर खर्च करा, वेग घ्यायला खर्च करा किंवा वळायला खर्च करा. दहाचे दहा ब्रेकवर उडवले, तर वळायला काहीच उरत नाही. चांगला चालक आधी सरळ रेषेत ब्रेक मारतो, मग पाय हळूहळू उचलत वळतो. म्हणजे तेच दहा रुपये तो हिशेबानं फिरवत राहतो. इंजिन पुढच्या चाकांना ओढत असेल, तर बिचाऱ्या पुढच्या टायरांना ओढायचंही आणि वळायचंही काम. त्यांचा खिसा लवकर रिकामा होतो आणि गाडी नाक वळवायला कुरकुरते. मागची चाकं ढकलत असतील तर कामाची वाटणी होते. पण घाईनं पाय दाबला तर शेपूट घसरते.

म्हणून ऑटोक्रॉसवाल्यांची लाडकी गाडी कुठली, तर माझ्दा मियाटा. १९८९ साली आलेली पहिली मियाटा साधारण साडेनऊशे किलोंची, बुटकी, मागच्या चाकांवर चालणारी. इंजिनाची ताकद बेताची, पण वळणं अशी घेते, की तिच्या दुप्पट किमतीच्या गाड्यांनी तोंडात बोट घालावं. अडचण एकच : तिला आसनं दोनच. मामा, मामी आणि विमानतळावरून येणारी आजी, तिचं लोणचं आणि पापडांचे डबे… बसवायचं कुठे?

मग सुबारू बीआरझेड आणि तिची जुळी बहीण टोयोटा ८६. या २०१२ साली आल्या. वजन साडेबाराशे किलोंच्या आसपास. यांचं इंजिन उभं नाही, आडवं झोपलेलं आहे. सिलिंडर दोन बाजूंना पसरलेले असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो. मागचं आसन पाडलं की शर्यतीचे चार जादा टायरही आत मावतात. पण त्या मागच्या आसनावर तुम्ही-आम्ही शाळेतली मंडळी बसू, आजी नाही. तिचे गुडघे आधीच कुरकुरतात.

माझं मत विचाराल तर मामानं होंडा सिव्हिक एसआय किंवा फोक्सवागन गोल्फ जीटीआय यांसारखी, चार-पाच माणसांची, जोरकस पण साधी दिसणारी गाडी बघावी. हिची पुढची चाकं ओढतात, वजनही जास्त. पहिला नंबर मियाटाइतका सोपा नाही. पण सोमवारी सकाळी ऑफिसला जाते, शनिवारी किराणा आणते आणि आजीला मागे ऐसपैस बसवते. घरच्या गाडीनं शर्यत जिंकता येत नाही असं कोण म्हणतं? १९५६ साली सुवेझ कालव्याचं प्रकरण होऊन इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली. तेव्हा कमी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी हवी म्हणून अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्यानं मिनी तयार केली. ती १९५९ साली बाजारात आली. चिमुकली, चारी चाकं चार कोपऱ्यांत ढकललेली. त्याच मिनीच्या तगड्या भावानं, मिनी कूपरनं, १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लोची नामांकित रॅली जिंकली. १९६६ सालीही पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनीच होत्या, पण दिवे नियमात बसत नाहीत म्हणून बाद झाल्या. (इंग्लंडात त्यावरून केवढा गदारोळ झाला असेल!)

तुम्ही म्हणाल, जड गाडीला हलक्या गाडीशी लावणं हा अन्याय नाही का? आहे. म्हणून गट असतात. शालेय कबड्डीत वयोगट असतात ना, तसेच. गाडीत फारसे बदल न करणाऱ्यांचा एक ‘स्ट्रीट’ विभाग आहे. तिथे टायर, ब्रेकचे पॅड, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असं थोडंच बदलता येतं. टायर किती लवकर झिजेल हे सांगणारा एक आकडा त्याच्या अंगावर छापलेला असतो, आणि स्ट्रीट विभागात तो २०० पेक्षा कमी चालत नाही. आकडा लहान म्हणजे रबर मऊ, पकड जास्त, पण झीजही भराभर. मामानं सुरुवातीला काहीच बदलू नये. पहिलं वर्ष चांगल्या टायरांवर आणि सरावावर काढावं. त्या पैशांत जितक्या फेऱ्या होतील तितकं तो शिकेल.

ओहायोची एक खास गोष्ट मामाला आवर्जून कळवा. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठानं लोखंडाचं काय होतं हे सातवीच्या विज्ञानात आहेच. जुनी गाडी वरून चकचकीत असते आणि खालून गंजून चाळण. तेव्हा घेण्याआधी ती मेकॅनिककडून वर उचलून, पोटाखालून तपासून घ्यावी. शिवाय उन्हाळ्याचे चिकट टायर कडाक्याच्या थंडीत घट्ट होतात, पकड सोडतात. म्हणजे थंडीसाठी दुसरा संच हवा. तो खर्च गाडीच्या किमतीतच धरायचा. विम्याचे कागदही नीट वाचायचे, कारण बऱ्याच विमा कंपन्या शर्यतीत झालेल्या नुकसानीचे पैसे देत नाहीत. रविवारी गाडी मोडली, तर सोमवारी ऑफिसला जायचं कशानं?

आणखी एक गंमत. शर्यतीआधी सगळे चालक त्या वाटेवरून पायी फिरतात, वळणं पाठ करतात. आणि आपली पाळी नसताना? हातात झेंडा घेऊन उन्हात उभं राहायचं, दुसऱ्यानं पाडलेले शंकू पळत जाऊन उभे करायचे. तिथे नोकरचाकर नसतात.

आता तुमचं काम. बुटांचा रिकामा खोका घ्या. आत तळाशी एक दगड चिकटपट्टीनं घट्ट बसवा. खोका फळीवर ठेवा आणि घसरू नये म्हणून त्याच्या खालच्या कडेला एक पट्टी चिकटवा. फळी एका बाजूनं हळूहळू उचला. खोका कलंडायला लागला की थांबा आणि फळीचा जमिनीशी झालेला कोन कोनमापकानं मोजा. मग तोच दगड खोक्याच्या झाकणाला आतून बांधून पुन्हा करा. बरोबर ४५ अंशांना कलंडला, तर वरच्या गणितातला आकडा १ आला. ५२ अंशांच्या थोडं पुढे कलंडला, तर १.३. दहावीच्या ताई-दादांना यात त्रिकोणमिती दिसेल, त्यांनी धाकट्यांना समजावून सांगावं. दोन्ही कोन एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका, आणि दगड पायावर पाडून घेऊ नका.