काळा पडदा आणि कलाशाखा

‘कलाशाखेच्या विद्यार्थ्याचा यंत्राशी काय संबंध?’ हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो बहुधा कलाशाखेचे विद्यार्थीच विचारतात. यंत्र बिघडले की तंत्रज्ञाला बोलवावे, तो ‘भंगार झाले’ म्हणाला की मान डोलवावी, एवढाच आपला वाटा! प्रस्तुत लेखकाला ही वृत्ती मान्य नाही.

आमच्या विभागातील जुन्या संगणकाचेच पाहा. विंडोज ९८ वर चालणाऱ्या या यंत्रात आधीच्या तुकड्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, आणि त्याही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट जिथे नाही तिथे ओवीच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. यंत्राचे ग्राफिक्स कार्ड निकामी झाले, म्हणून अधिक शक्तीचे दुसरे बसविले, तर पडदा काळाच! लगोलग यंत्र मोडीत काढण्याची सूचना पुढे आली.

परंतु काळा पडदा हे केवळ लक्षण आहे. निदान अजून व्हायचे असते. या पिढीच्या संगणकांत कार्डासाठी एजीपी नावाची खोबण असते. तिची पहिली कार्डे ३.३ व्होल्टवर चालत, पुढची १.५ व्होल्टवर. कार्डाच्या कडेवरील खाच कुठे आहे यावरून हा भेद कळतो. खाच जुळत नसता कार्ड बळाने दाबले, तर मदरबोर्डही जळू शकतो. तेव्हा पहिला प्रश्न खाचेचा. दुसरा आवाजाचा: अनेक यंत्रे सुरू होताना एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या देऊन दोष चित्रव्यवस्थेत असल्याचे सांगतात. तिसरा प्रश्न, पडद्याची केबल नव्या कार्डाला जोडली आहे की मदरबोर्डवरील जुन्या जागी? चौथा विजेचा. आमचे घोडे इथेच अडले होते. नव्या कार्डाला पॉवर सप्लायची स्वतंत्र जोडणी हवी होती; ती कोणी दिलीच नव्हती. ती देताच पडदा उजळला. पुढे यंत्र मध्येच थिजू लागले, तेव्हा जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून नव्याचा घातला, आणि तेही थांबले.

यात अभियांत्रिकीची पदवी कुठे लागली? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम वहीत टिपावा, मगच पुढे जावे. पोथीच्या दोन प्रती ताडून पाहणारा अभ्यासक दुसरे काय करतो?

कोणी म्हणेल, नवा संगणक घ्या की! रोजच्या कामासाठी अवश्य घ्यावा. विंडोज ९८ चे सुरक्षाविषयक साहाय्य जुलै २००६ मध्येच थांबले. असे यंत्र इंटरनेटला जोडूही नये. डिस्क काढून फाइली दुसरीकडे नेता येतात, हेही खरे. पण ओव्या युनिकोडमध्ये आणताना शब्द न् शब्द ताडून पाहायला मूळ पान डोळ्यांसमोर हवे, आणि ते या जुन्या पडद्यावरच नीट उमटते.

मित्रहो, ज्या बायांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतील कित्येक आज हयात नसतील. त्यांचा शब्द एका न जोडलेल्या तारेपायी भंगारात जावा काय? तेव्हा प्रत्येक विभागाने आपले जुने यंत्र मोडीत काढण्याआधी एकदा उघडून पाहावे, आणि ते काम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे.