गाणाऱ्याची चूक आणि वाजवणाऱ्याची चूक

१/ आजचा धागा जुन्या ध्वनिमुद्रणांत राहून गेलेल्या चुकांविषयी. धागा मोठा आहे आणि त्यात माझी एक कबुलीही आहे. आरंभ मात्र रॉक संगीतापासून करतो, कारण त्या प्रांतातील चाहत्यांनी अशा चुकांना जवळजवळ तीर्थस्थळांचे माहात्म्य दिले आहे.

२/ 'द पोलिस' या बँडचे १९७८ मधील 'रॉक्झॅन' कानाला हेडफोन लावून ऐका. आरंभीच पियानोचा एक बेसूर आघात येतो आणि मागोमाग कुणीतरी हसते. गायक स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसला होता. तो आघात आणि ते हसू कुणी पुसले नाही. लेड झेपेलिनच्या १९७० मधील 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये ढोलाच्या पायपट्टीची करकर गाणेभर ऐकू येते. बीटल्सच्या 'अ डे इन द लाइफ'मध्ये पियानोचा अखेरचा दीर्घ नाद विरत असताना एक खुर्ची कुरकुरते.

३/ सर्वांत गमतीची कथा 'लुई लुई'ची. किंग्जमेन या बँडने १९६३ मध्ये हे गाणे मुद्रित केले. गिटारच्या तुकड्यानंतर गायक एक आवर्तन आधीच सुरू झाला, चूक लक्षात येताच थांबला आणि ढोलवाल्याने ती पोकळी भरून काढली. शब्द इतके अस्पष्ट होते की त्यात अश्लील मजकूर दडला असल्याची वदंता उठली. पोरे तबकडी मुद्दाम कमी वेगाने लावून 'खरे' शब्द शोधू लागली. अमेरिकेच्या एफबीआयनेही तपास केला. निष्कर्ष असा निघाला की तबकडी कोणत्याही वेगाने वाजवली तरी शब्द कळत नाहीत!

४/ वेगाचा हा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्याकडच्या कथेत तोच मुख्य आहे.

५/ आता कबुली. हडपसरला आमच्या घरी माळ्यावर आजोबांची एक लोखंडी ट्रंक आहे. तीत लाखेच्या जुन्या तबकड्या, बहुतेक नाट्यपदे आणि काही ख्याल. जुन्या बाजारातून मिळवलेल्या यंत्रावर मी त्यांतील एक नाट्यपद वाजवले, संगणकावर उतरवले, खरखर काढली आणि समाजमाध्यमावर टाकले. प्रतिसाद भरभरून आला. 'काय ही तानेची चपळाई! असा गळा पुन्हा होणे नाही,' असे कुणी लिहिले. मीही मान डोलावली.

६/ आमच्या सोसायटीत पंचाऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. त्यांना कौतुकाने ऐकवले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाळा, गाणं तेच आहे रे, पण माणूस तो नाही." त्यांच्या माहेरी हीच तबकडी होती. वडील चावीच्या ग्रामोफोनवर ती लावत आणि शेजारी पेटी ठेवून, पट्टी जुळेपर्यंत वेगाची कळ फिरवत. "ते आधी कळ फिरवायचे, मग आम्हाला बसा म्हणायचे."

७/ मी कळ फिरवली नव्हती. यंत्रावर '७८' लिहिले होते, म्हणून ७८.

८/ आपल्या मनात पक्के बसलेले असते की जुनी तबकडी म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. हा आकडा व्यवहारात स्थिरावला तो नंतर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत, कर्ण्यात तोंड घालून गाण्याच्या काळात, मुद्रण करणाऱ्याचे यंत्र सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, कधी ऐंशीच्याही पुढे फिरत असे. गाणे थोडे लांबले तर ते तबकडीत मावावे म्हणून वेग कमी ठेवणे ही सोयीची युक्ती होती.

९/ हिशेब सोपा आहे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढतो. ३ मिनिटे १० सेकंदांचे गाणे ३ मिनिटांत आटोपते. स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो: काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन बसतो. एवढ्यावर भागत नाही. आवाजाचा पोत बारीक होतो, आंदोलन थरथरीसारखे वाटू लागते, आणि तान, अर्थातच, चपळ होते.

१०/ पाश्चात्त्य संगीतात लिखित स्वरलिपी असते, रचनेची पट्टी ठरलेली असते; गाणे चढले की पकडता येते. तरीही माइल्स डेव्हिसच्या १९५९ मधील 'काइंड ऑफ ब्लू' या जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेची पहिली बाजू तीन दशके चढ्या स्वरात विकली गेली. मुद्रणाच्या दिवशी टेपचे यंत्र किंचित मंद चालले होते, म्हणून योग्य वेगाने वाजवल्यावर सारे चढे झाले. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरच्या प्रतीवरून ती दुरुस्ती झाली. आपल्याकडे तर षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. मग कुठल्या कागदावर बोट ठेवून सांगणार की हा षड्ज खरा नव्हे?

११/ आणि इथेच मला गांभीर्य वाटते. जुन्या गायकांविषयीची आपली मते बहुतांशी या तबकड्यांवर उभी आहेत. अमुक घराण्याची तान किती द्रुत, तमुक नट स्त्रीभूमिकेत किती वरच्या पट्टीत गात असे, कुणाचा आवाज वयाबरोबर किती उतरला, हे सारे आपण ऐकून ठरवतो. किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७), ज्यांनी मिरजेला आपले घर केले आणि ज्यांच्या शिष्याच्या नावाने पुण्यात 'सवाई' भरते, त्यांची विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मुद्रणे आहेत आणि तिसाच्या दशकातलीही. मध्ये जवळपास तीस वर्षांचे अंतर. एक संच चुकीच्या वेगाने ऐकला तर त्या आवाजाच्या वयाविषयी काढलेला निष्कर्ष यंत्राविषयीचा ठरेल, खाँसाहेबांविषयीचा नव्हे.

१२/ मग पुरावा कुठे शोधायचा? बहुधा तिथेच, जिथे आपण 'चूक' किंवा 'अडगळ' म्हणून कात्री चालवतो.

१३/ पहिली अडगळ म्हणजे गाण्याअखेरची उद्घोषणा. गौहर जान यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत आपले नाव सांगतात, हे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात ही मुद्रणे केली. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना भाषा कळेना, म्हणून गायकानेच नाव सांगावे अशी ती व्यवस्था. (जाता जाता: गौहर जान या मुद्रित झालेल्या पहिल्या भारतीय गायिका नव्हेत. त्याच दौऱ्यात शशिमुखी आणि फणीबाला यांचे गाणे त्यांच्या आधी मुद्रित झाले होते. आणि १८९९ मध्येच लंडनला काही भारतीयांचे आवाज तबकडीवर उतरले होते.)

१४/ पुष्कळ अपलोडमध्ये ही उद्घोषणा कापलेली असते. वस्तुतः ती सोन्यासारखी आहे. तान किती द्रुत असावी हे आपल्याला ठाऊक नसते, पण माणसाचे बोलणे कसे असते हे प्रत्येक कानाला ठाऊक असते. वेग चढा असेल तर बोलणे लगेच चिमुकले, कार्टूनसारखे वाटते. ते माणसाचे वाटेपर्यंत वेग उतरवत जा. गाणेही आपोआप खाली आपल्या जागी येते.

१५/ दुसरा पुरावा साथीची पेटी. नाट्यपदांना पायपेटीची किंवा ऑर्गनची साथ असे. सारंगी हव्या त्या स्वराला मिळवता येते, पेटीच्या सुऱ्या जिथल्या तिथे असतात. साथीची पेटी जर तुमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध वाजत असेल, तर वेगावर संशय घ्या. आजींचे वडील हेच करत होते. जुन्या पेट्या सगळ्या एकाच मापाच्या नव्हत्या, त्यामुळे ही कसोटी निर्णायक नाही. उद्घोषणेशी मेळ बसला तर मात्र पुष्कळ काही सांगून जाते.

१६/ तिसरा पुरावा खऱ्याखुऱ्या चुका. त्या काळी मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. खोडण्याची सोय नव्हती. गायक अडखळला तर ती चकती टाकून नव्याने गायचे किंवा आहे तसे पुढे जायचे. म्हणून तबकड्यांत खोकला सापडतो, साथीदाराची दाद सापडते, आणि मुद्रणवाल्याने वेळ संपत आल्याची खूण केल्यावर उडालेली शेवटची घाईसुद्धा. तास-दीड तास राग मांडणारा माणूस तीन मिनिटांत तो कसा बसवत असेल, याचे उत्तर त्या घाईत आहे. ती शिस्तीत 'दुरुस्त' करणारा माणूस मला, क्षमा करा, शिलालेखावरची अक्षरे नीट दिसावीत म्हणून छिन्नी हातात घेणाऱ्याच्या पंगतीतला वाटतो.

१७/ खरखर काढण्याचेही तसेच. गोंगाट पुसणाऱ्या अनेक प्रणाली असे गृहीत धरतात की एकसारखा, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट. आता आपल्या मैफिलीत एकसारखा, न बदलणारा आवाज कोणता असतो? तानपुरा! मी माझ्या पहिल्या अपलोडमध्ये खरखर काढली तेव्हा 'पार्श्वभूमी किती स्वच्छ' असे कौतुक झाले. त्याच ट्रंकेतल्या एका ख्यालावर तोच प्रयोग केला तेव्हा स्वच्छतेबरोबर तानपुऱ्याचा निम्मा झंकार वाहून गेला. गाणे पोकळीत लटकल्यासारखे झाले.

१८/ वेग आणि स्वच्छता यांच्या जोडीला नावांच्या चुका आहेत. त्यांचे एकच उदाहरण देतो, कारण ते आमच्या हडपसरात दर वर्षी कानी पडते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या इथून वेगळ्या होतात: माउली दिवे घाटाकडे, तुकोबा लोणी काळभोरकडे. त्या दिवशी ध्वनिवर्धकांवरून 'आधी बीज एकले' वाजते आणि ऐकणारे हात जोडतात. असंख्य लोक, आणि कित्येक अपलोडही, त्याला तुकाराम महाराजांचा अभंग म्हणतात. ते लिहिले शांताराम आठवले यांनी, प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटासाठी. संगीत केशवराव भोळे यांचे. कवीसाठी याहून मोठी पावती नाही, हे खरे. पण गाथेत नसलेले पद गाथेच्या नावावर चढते आणि आठवल्यांचे नाव गळून पडते, हा इतिहासाचा तोटाच.

१९/ म्हणून तबकडी हाती आली की लेबलाच्या पलीकडे पाहा. लेबलाभोवती, रेषा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्ट्यात एक क्रमांक कोरलेला किंवा उमटलेला असतो. तो मूळ साच्याचा क्रमांक. लेबल चुकीचे डकवले जाऊ शकते, पुढच्या आवृत्तीत बदलू शकते. त्या क्रमांकावरून मुद्रण नेमके कोणते हे शोधता येते. त्याचा फोटो घ्या, तिरप्या उजेडात.

२०/ यंत्राचा वेग तपासायचा असेल तर ७७ रेषांची चकती कागदावर छापून तबकडीवर ठेवा आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर रेषा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे ७८ समजा. नव्या एलईडी दिव्याखाली बहुधा जमत नाही, मी अर्धी रात्र घालवून पाहिले आहे. आणि यातून तुमच्या यंत्राचा वेग कळतो, मुद्रणाचा नव्हे. तो कानाने शोधावा लागतो.

२१/ कुणी म्हणेल, सामान्य श्रोत्याला एवढे कशाला? त्याला गाणे गोड लागले की पुरे. मान्य. पण मग अपलोडखाली 'अस्सल', 'दुर्मीळ', 'मूळ आवाज' असे लिहू नये. आपण इतिहासाचे विद्यार्थी म्हणवतो. ताम्रपटाचा फोटो देताना तो उलटा छापला तर आपण एकमेकांना सोडत नाही. मग आवाजाला वेगळा न्याय का?

२२/ एक तबकडी अशी आहे जिच्या बाबतीत हे काम नेटके झाले. गोव्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. दुसरे यान सुटले त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. त्या सोनेरी तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी याची आकृती कोरली आहे. एक फेरा ३.६ सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. पण परग्रहावर सेकंद कुणाला माहीत? म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूतील एका ठरावीक बदलाला लागणाऱ्या वेळेच्या पटीत, फक्त दोन अंकांच्या भाषेत लिहिला आहे. सोबत सुईसुद्धा दिली आहे.

२३/ सूर्यमालेबाहेरच्या अज्ञात श्रोत्यासाठी वेग लिहून ठेवला गेला आणि हडपसरच्या मी तो कोथरूडच्या श्रोत्यासाठी लिहिला नाही.

२४/ मी ते नाट्यपद पुन्हा उतरवले. ट्रंकेतल्या या तबकडीवर उद्घोषणा नाही, त्यामुळे आधार पेटीचाच. आजींच्या खोलीत त्यांच्या नातवाची पेटी घेऊन आम्ही दोन संध्याकाळी बसलो. माझ्या कानाला ७५ बरोबर वाटत होते, त्यांना आणखी खाली हवे होते. शेवटी ७४ च्या जवळ पेटी पट्टीवर आली. तान अजूनही सुंदर आहे, फक्त आता तिच्यात श्वास घ्यायला जागा आहे. आजी एवढेच म्हणाल्या, "हां, आता बसा."

२५/ पहिला अपलोड मी काढलेला नाही. त्याच्या वर 'चुकीचा वेग, खरखर काढलेली' असे लिहिले आहे आणि खाली नवी प्रत जोडली आहे: न पुसलेली, अंदाजे वेग ७४, यंत्र कोणते, साच्याचा क्रमांक काय, शेवटी सुई अडकते तेही तसेच. ट्रंकेत अजून पस्तीसेक तबकड्या आहेत. त्यांपैकी दोनच्या शेवटी कुणीतरी काही बोलले आहे. ते काय, हे मला अजून नीट लागलेले नाही. पुढच्या रविवारी दोन्ही टाकतो, कान तयार ठेवा.