वक्र पडदा आणि आजोबांची मान
विरार लोकलची गर्दी टाळून मुलगा घरूनच काम करू लागला, की घरात ३४ इंची वक्र मॉनिटर येतो. दिवसा त्यावर कचेरी, रात्री नातवाचे खेळ, मधल्या वेळी आजोबांचे बँकेचे व्यवहार. वसईत माझ्याकडे असेच एक आजोबा मानदुखी घेऊन आले. बायफोकलच्या खालच्या भागातून उंचावरची अक्षरे वाचण्यासाठी ते सतत हनुवटी उचलत होते.

आपल्या घरी अशी खरेदी ठरत असेल, तर खाली-वर होणारा स्टँड आधी पाहावा; पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेखाली हवी. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक. त्याचा लाभ हातभर अंतरावरून, पलंगावरून नव्हे. संगणकाच्या अंतराचा चष्मा वेगळा करून घ्यावा.

आजोबांना गोळ्या दिल्या नाहीत. मॉनिटर चार बोटे उतरवला. नातू कुरकुरला म्हणे.