हरलेल्याची तलवार

परवा आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, "सर, अफजलखान आपला होता का?" मागच्या बाकावर कुणीतरी हसले आणि वर्ग एकदम गप्प झाला. घंटा वाजली म्हणून मी सुटलो. रात्री मात्र झोप लागली नाही. त्या 'आपला' शब्दात पोराने काय काय भरले होते, ते मला ठाऊक होते. त्या वयात मीही तो प्रश्न गिळला होता.

दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या कोरीव चित्राची प्रत वर्गात नेली. चित्रात नेपोलियन फ्रेडरिक द ग्रेटच्या वस्तू पाहतो आहे. 1806 च्या ऑक्टोबरात प्रशियाचा पराभव करून तो पॉट्सडॅमला आला. फ्रेडरिकला जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. सांगतात की थडग्यापाशी नेपोलियन म्हणाला, हा जिवंत असता तर आपण इथे नसतो. किती मोठे मन! पण त्याच भेटीत त्याने फ्रेडरिकची तलवार उचलली आणि पॅरिसला पाठवून दिली. 1814 मध्ये शत्रू पॅरिसच्या वेशीवर आला, तेव्हा त्याच्या हाती लागू नये म्हणून फ्रेंचांनीच ती इतर विजयचिन्हांसोबत नष्ट केली. मिरवायला नेलेली वस्तू आठ वर्षेही टिकली नाही.

"आपल्याकडे आहे का असे काही?" मी विचारले. पंचवटीत राहणाऱ्या पोरांनी लगेच सांगितले, नारोशंकराची घंटा! 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाची आठवण म्हणून ही पोर्तुगीज घंटा गोदाकाठच्या देवळात आहे. लहानपणापासून आपण ती पाहतो, पण हरलेल्यांचे त्या दिवशी काय झाले असेल, हे आपल्यापैकी कुणाच्या मनात येते?

मग मी प्रतापगडावर आलो. 10 नोव्हेंबर 1659. खान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता. त्याचा वकील होता कृष्णाजी भास्कर कुलकर्णी. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिमचे नाव येते. आता सांगा, यात 'आपला' कोण? लढाई दोन सत्तांची होती, नमाज आणि आरतीची नव्हती. आणि लढाई संपल्यावर? खानाची कबर गडाच्या पायथ्याशी आहे. महाराजांनीच त्याचे दफन सन्मानाने करवले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

मला इथे नेपोलियनपेक्षा महाराज मोठे वाटतात. मेलेल्या शत्रूची स्तुती करणे सोपे आहे. त्याला आपल्याच मातीत जागा देणे अवघड.

आज मात्र त्याच कबरीवरून भांडणे पेटतात. एक बाजू तिचा दर्गा करू पाहते, दुसरीला ती डोळ्यांसमोर नको असते. खानाला पीर करायचे काही कारण नाही, हे आपल्या लोकांनाही मी स्पष्ट सांगेन. पण ती कबर जितकी खानाची, तितकीच महाराजांच्या मोठेपणाची खूण आहे. ती पुसली तर नुकसान कुणाचे?

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बेटा, खान आपला नव्हता. महाराज मात्र तुझेही आहेत. पुन्हा कुणी हसले, तर त्याला कबरीची गोष्ट सांग."

या वेळी मागचे बाक हसले नाही.