छडीविना आलेला संत

नाताळ हा येशूच्या जन्माचा उत्सव; परंतु त्याच्या आदल्या रात्री येणाऱ्या सांताक्लॉजची आजची बालप्रिय मूर्ती घडविण्यात छप्पन्न ओळींच्या एका इंग्रजी कवितेचा वाटा फार मोठा आहे. अमेरिकेतील ट्रॉय येथील ‘सेंटिनल’ या वृत्तपत्रात २३ डिसेंबर १८२३ रोजी ती कवीच्या नावाविना प्रसिद्ध झाली. पुढे १८४४ मध्ये क्लेमंट क्लार्क मूर यांनी ती आपल्या काव्यसंग्रहात समाविष्ट केली. मूर हे न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती धर्मविद्यालयातील प्राध्यापक, हिब्रू कोशाचे कर्ते. कवितेच्या कर्तृत्वावर हेन्री लिव्हिंग्स्टन यांच्या वंशजांनीही हक्क सांगितला. तो वाद आजही मिटलेला नाही.

या कवितेचे मोल कळण्यासाठी दोनच वर्षे मागे जावे लागते. १८२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका सचित्र बालपुस्तिकेतही सांताक्लॉज घसरगाडीतून येतो, गुणी मुलांना खेळणी देतो. परंतु खोडकर मुलांच्या घरी तो एक लांब काळी छडी ठेवून जातो. मुले सन्मार्गावरून ढळली तर ईश्वराज्ञेप्रमाणे आईबापांनी ती चालवावी, हा त्यामागील हेतू!

१८२३ च्या कवितेत मात्र ती छडी कोठेही नाही. मध्यरात्री गलका ऐकून घरातील पिता जागा होतो आणि काजळीने माखलेली एक गोलमटोल, बुटकी मूर्ती धुराड्यातून उतरलेली पाहतो. हसू आवरत नाही. पाहुण्याच्या मिस्कील नेत्रसंकेताने मनातील उरलीसुरली भीतीही मावळते. मोजे भेटींनी भरून पाहुणा निघून जातो. कोणाच्या गुणदोषांचा झाडा घेत नाही.

१८४८ मध्ये टी. सी. बॉइड यांच्या काष्ठचित्रांसह ही कविता पुस्तकरूपाने आली. १९०२ मध्ये ‘ओझ’च्या कथेचे चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांनी ठळक रेषांत व सपाट रंगांत तिचे विनोदी चित्रपुस्तक केले. कवितेतील मुले अखेरपर्यंत झोपलेलीच असतात. सारे कौतुक एकटा पिता पाहतो. चित्रपुस्तकाने ही उणीव भरून काढली. वडिलांच्या मांडीवर बसून पाने उलटणाऱ्या बालकाला, कवितेतील बालकांना न घडलेले दर्शन घडते.

सांताक्लॉजच्या मुळाशी असलेले संत निकोलस हे चौथ्या शतकात मायरा येथील बिशप होते. हे स्थान आजच्या तुर्कस्तानात आहे. गरजूंना गुप्तपणे साहाय्य करणारे म्हणून परंपरा त्यांचे स्मरण करते. अशा सत्पुरुषाचे पोट सुटलेले, अंग काजळलेले दाखविणे हा उपमर्द नव्हे काय, असा प्रश्न श्रद्धावंताच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. आमच्या मते तो उपमर्द नव्हे. गुप्तदानाचा धर्म या चित्रांत अबाधित आहे. गळून पडला आहे तो केवळ धाक.

मुलांना वळण लावताना देवाच्या शिक्षेचा बागुलबुवा दाखविण्याचा मोह कोणत्याही धर्माच्या भाविक घराला होतो. धाकाने हात जोडले जातात, पण ते धाक असेतोवरच. ज्याच्याकडे पाहून बालपणी मोकळेपणाने हसता आले, त्याच्यापुढे मोठेपणी मस्तक आपोआप नमते. एका धर्मपंडिताच्या नावावर असलेली ही हसरी कविता, आणि तिची चित्रे, हेच सांगत आली आहेत.